डावा पट्टा

शनिवारी सकाळी वर्गात पहिलं वाक्य बोलायला गेले की माझा आवाज फाटायचा. मुलांना वाटायचं, मॅडमना सर्दी झालीय. सर्दी कसली! रविवारपासून शुक्रवारपर्यंत घशातून आवाज काढायचा प्रसंगच यायचा नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे पाठवतात आणि भाजीवाल्याला मी बोट दाखवते. जळगावात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. एका खोलीत मी आणि दुसऱ्या खोलीत संगणक. दोघंही मितभाषी.

मी हेमलता. वय चौपन्न. काम डिझाइनचं, म्हणजे पाकिटांवरची आणि खोक्यांवरची चित्रं, अक्षरं, रंग. फैजपूरहून बाहेरदेशी जाणाऱ्या केळ्यांच्या खोक्यांवर माझं काम आहे, पापडाच्या पुड्यांवर आहे आणि कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांवर तर विचारूच नका. माझं काम खानदेशात घरोघरी जातं. मी मात्र कोणाकडे जात नाही. बोलावणारं कोणी नाही, आणि न बोलावता जायचं तर जिभेवर साखर लागते. ती आमच्याकडे पहिल्यापासून कमी.

मी अठरा वर्षं पुण्यात होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून आले. ते सात वर्षांनी गेले, तोवर पुण्याची माणसं मला विसरली होती आणि जळगावच्यांना मी कधी नीटशी आठवतच नव्हते. लग्न का केलं नाही, असं विचारणारेसुद्धा आता थकले. त्याचं मला वाईट वाटतं. विचारायचे तेव्हा निदान बोलायचे तरी.

पुण्यात एक संस्था आहे. आमच्यासारख्या कामातली माणसं ती शाळाशाळांतून पाठवते. कोणी आर्किटेक्ट, कोणी कपड्यांची डिझाइनर, कोणी खुर्च्या-टेबलं करणारा. सगळे फुकट. सहा शनिवार जायचं आणि मुलांना सांगायचं, की बाबांनो, डॉक्टर-इंजिनियर-पोलीसभरती यापलीकडेही पोट भरता येतं. शेवटी प्रत्येक शाळेतून एका मुलाचं काम पुण्याला पाठवायचं. निवड झाली तर त्या मुलाला मे महिन्यात पुण्यात दहा दिवसांचं शिबिर, राहणं-खाणं सगळं संस्थेचं, आणि पुढे बारावीपर्यंत मार्गदर्शन. मी अर्ज केला तेव्हा जळगावातल्या शाळा एका आर्किटेक्ट नवराबायकोनं आधीच उचलल्या होत्या. मला मिळाली चाळीसगावच्या पुढे चौदा किलोमीटरवरची. पहाटेची गाडी, मग रिक्षा, मग थोडं चालणं. लोक म्हणाले असते, एवढ्या लांब कशाला? पण म्हणायला लोक कुठे होते. आणि मला लांबच बरं वाटलं. जेवढा रस्ता लांब, तेवढी वाटेत माणसं जास्त.

पहिल्या शनिवारी मी नववीच्या वर्गात बियाण्याचं रिकामं पाकीट वर धरलं.

"मॅडम, हाई ते आमना घर शे!" मागून तीन-चार जण ओरडले.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

पहिल्या बाकावरचा अभिमन नावाचा मुलगा म्हणाला, "ते मशीन करस, मॅडम."

पाकिटावरचं बोंड मी अकरा वेळा काढलं होतं. कंपनीच्या साहेबाला ते आधी फार हिरवं वाटत होतं, मग फार पांढरं. मी म्हणाले, "मशीन छापतं. काढलं मी." वर्ग हसला. मला वाटलं, माझी टर उडवतायत. तसं नव्हतं. पाकिटामागे माणूस असतो हे त्यांना खरंच गमतीचं वाटलं होतं. मलासुद्धा मधूनमधून तसंच वाटतं.

तिथले शिक्षक प्रेमराज सर. चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कोणी रजेवर असेल तर भूगोल, असं सगळं त्यांच्याकडे. माणूस भला. दर शनिवारी मला चहा पाजायचे आणि गावातल्या कोणाकोणाचं सांगत बसायचे. त्या माणसांपैकी एकालाही मी ओळखत नव्हते, तरी रिक्षा येईपर्यंत मन लावून ऐकायचे.

तिसऱ्या शनिवारी मी मुलांना काम दिलं. घरात कोणाला कसली अडचण आहे ते बघा आणि त्या माणसासाठी एखादी वस्तू काढा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी विचारा, मग काढा.' खाली दोन रेघा ओढल्या. उपदेश करताना माझं अक्षर फार सुंदर येतं.

चौथ्या शनिवारी चित्रं आली. बहुतेकांनी मोबाइलचं स्टँड काढलं होतं. अडचण कोणाची तर स्वतःची. एकानं आजोबांसाठी बंदूक काढली होती, माकडांसाठी म्हणे. आणि सारिकानं काढली होती कापूस वेचायची पिशवी.

सारिका तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. म्हणून असेल, ती मला आवडायची. तिची आई कमलबाई लोकांच्या शेतात मजुरीनं कापूस वेचायला जायची. वेचणाऱ्या बाया कमरेला लुगड्याची झोळी बांधतात. दुपारपर्यंत ती भरते आणि कंबर मोडते. सारिकानं वजन कमरेवरून काढून खांद्यांवर दिलं होतं. दोन पट्टे, समोर रुंद तोंड, खालून सोडायचा नाडीचा बंद, म्हणजे पिशवी उलटी करायला नको, नाडी ओढली की कापूस खाली. शिवण कुठे डबल घालायची तेसुद्धा टिंबांनी दाखवलं होतं. मी ते चित्र हातात घेतलं आणि खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं. तीस वर्षांत मी बरीच कामं पाहिली, माझी धरून. इतकं सरळ पोटातून आलेलं काम थोडं पाहिलंय.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी काय काय ठरवलं ते आता सांगायला लाज वाटते. ती शिबिराला जाईल. बारावीनंतर डिझाइनच्या कॉलेजात जाईल. सुट्टीत येईल तेव्हा जळगावला माझ्याकडे उतरेल. आम्ही दोघी टेबलाशी बसून या शिवणीचं काय, त्या रंगाचं काय, असं बोलत बसू. चहा दोन कप करावा लागेल. पाचोरा येईपर्यंत मी तिला नोकरीसुद्धा लावून दिली होती.

काम पाठवायचं तर चित्राचा स्वच्छ फोटो लागायचा. सारिकाची पेन्सिल फिकट, म्हणून मी चित्र घरी आणून स्कॅन केलं आणि रेघा जरा गडद केल्या. तेवढं नियमात बसत होतं. नियम एकच कडक होता आणि त्यावर पहिल्याच दिवशी आमची सही घेतली होती: मुलांच्या कामाला हात लावायचा नाही.

रेघा गडद झाल्यावर दिसलं, की डावा पट्टा उजव्यापेक्षा आखूड आलाय. चार बोटं तरी. पोरीचा हात चुकला, मी मनात म्हटलं. आता आमच्या धंद्यातल्या माणसाला वाकडी रेघ दिसली की नखात काटा गेल्यासारखं होतं. लग्नाच्या पत्रिका मी आमंत्रण म्हणून कधी वाचल्याच नाहीत, त्यातल्या ओळींमधली अंतरं मोजते. जित्याची खोड. मी उजवा पट्टा उचलला, त्याची नक्कल केली, उलटवली आणि डावीकडे ठेवली. मिनिटभराचं काम. चित्र कसं छान, तोलात बसलं.

फॉर्मवर एक रकाना होता: 'या वस्तूमागे मुलानं काय विचार केला?' तो सारिकाला विचारून भरायचा. पाचव्या शनिवारी मी विचारू शकले असते. पण घरी कोणी नसलं की माणसाला स्वतःशीच प्रश्नोत्तरं करायची सवय लागते. मी सहा ओळी लिहून टाकल्या. श्रमाचं वजन, स्त्रीचं शरीर, वगैरे. मराठी झकास होतं.

जानेवारीच्या शेवटी उत्तर आलं. संस्थेचं आमच्या भागाचं काम विक्रम नावाचा मुलगा बघतो. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, पण माझ्या लेखी मुलगाच. त्यानं निवड समितीचा शेरा जसाच्या तसा पाठवला. 'रेखाटन नेटकं आहे. मात्र अशी पिशवी बाजारात मिळते. ती नेमक्या कोणासाठी केली आहे हे चित्रात दिसत नाही. निवड नाही.'

मी भडकले. पुण्यातल्या या शहाण्यांनी कापूस फक्त औषधाच्या दुकानात पाहिला असणार! आयुष्यात एक बोंड वेचलं नाही आणि म्हणे बाजारात मिळते. माझे सहा शनिवार तेव्हा संपले होते, तरी सांगायला म्हणून मी चाळीसगावला गेले. खरं तर जायला कारण मिळालं होतं.

प्रेमराज सरांनी सारिकाला व्हरांड्यात बोलावलं. मी सांगितलं. तिनं मान हलवली. रडली वगैरे नाही. मला वाटलं, हिला जरा बरं वाटेल असं काहीतरी करावं. म्हणून मी मोबाइल काढला आणि पाठवलेलं चित्र दाखवलं. म्हटलं, "बघ, किती सुंदर दिसत होतं. चूक त्यांची आहे, तुझी नाही."

तिनं मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. डावा पट्टा मधोमध आणला.

"हाई मनं नही," ती म्हणाली. मग शाळेतली भाषा आठवून, "मॅडम, हे माझं नाही."

"तुझंच आहे गं. फक्त तो एक पट्टा जरा—"

"आईचा डावा खांदा खाली आहे," ती म्हणाली. "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली होती. गळ्याखालचं हासळीचं हाड तसंच वाकडं जुळलं. सारखे पट्टे लावले की पिशवी डावीकडे घसरते, मग ती दिवसभर एका हातानं धरून वेचते. म्हणून तो आखूड केला होता. मी आईच्या अंगावर सुतळी लावून मोजला होता. चार बोटं."

मैदानात मुलं कबड्डी खेळत होती आणि प्रेमराज सरांची शिट्टी वाजत होती.

"तसं दिसायला जरा बरं दिसतं, म्हणून..." मी म्हणाले. माझ्या आवाजाची मला किळस आली.

"मला विचारायचं ना, मॅडम."

एवढंच म्हणाली आणि मोबाइल माझ्या हातात देऊन वर्गात गेली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं, जर तो गणपती माझा असता तर.

घरी आले. रविवार गेला, सोमवार गेला. या दिवसांत मी स्वतःशी काय वकिली केली ते ऐकलं असतं तर कोर्टात मला वरची जागा मिळाली असती. निवड नाही झाली, ती दर वर्षी शेकडो मुलांची होत नाही. सांगून काय होणार? पुढल्या वर्षी दुसऱ्या मुलीला नीट पाठवू. आणि मुख्य म्हणजे, हात लावल्याचं सांगितलं की मला काढणार, पुढल्या वर्षी शाळा मिळणार नाही. मग शनिवारी काय करायचं? पहाटेची गाडी नाही, प्रेमराज सरांचा चहा नाही, 'मॅडम, मॅडम' नाही. आठवडा सरळ सात दिवसांचा होणार. मला भीती वाटत होती, आणि ती त्या मुलीपेक्षा माझ्याबद्दल जास्त होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

मंगळवारी दुपारी बँकेतून फोन आला, कर्ज हवंय का म्हणून. मी त्या पोरीशी नऊ मिनिटं बोलले. तिचं गाव पहूर, आई तिथंच असते, वगैरे. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, मी ठेवू का?" फोन ठेवल्यावर मला कळलं, की एका अनोळखी मुलीला मी तिच्या आईबद्दल चार प्रश्न विचारले आणि सारिकाला सहा शनिवारांत एकही नाही.

बुधवारी विक्रमला फोन केला. सगळं सांगितलं, पट्टा, रकाना, सहा ओळी.

"मॅडम, खरं सांगू? तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलंही नसतं."

"म्हणून तर बोलले. मूळ चित्र माझ्याकडे आहे. आज पाठवते. तिला परत विचारा. तिलाच विचारा, मला नको."

"बघतो समितीशी बोलून. पण नियम तुम्हाला माहीत आहे. तुमचं नाव..."

"सही माझीच आहे रे त्याच्यावर," मी म्हणाले.

मग सरांच्या फोनवर फोन करून सारिकाला बोलावून घेतलं. म्हटलं, माझी चूक झाली, मी ती पुण्याला सांगितली, तुला विचारतील तेव्हा मला सांगितलंस तसंच सांग, सुतळीचंसुद्धा. ती म्हणाली, "बरं, मॅडम." त्या दोन शब्दांत क्षमा होती की नव्हती, याचा मी पुष्कळ विचार केला. नसावी. असायलाच हवी असंही नाही.

समितीनं तिला व्हिडिओवर बोलावलं. ती वीस मिनिटं बोलली म्हणे. प्रेमराज सर सांगत होते, "ही पोरगी एवढं बोलू शकते हे आम्हाला आज कळलं." निवड झाली. मला संस्थेचं पत्र आलं, सभ्य शब्दांत, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. मुलांशी यापुढे परस्पर संपर्क ठेवू नये, अशीही एक ओळ होती. चाळीसगावची शाळा पुढल्या वर्षापासून त्या आर्किटेक्ट नवराबायकोकडे गेली. त्यांच्याकडे गाडी आहे.

फेब्रुवारीपासून मेपर्यंतचे शनिवार कसे गेले ते काय सांगू. एकदा पहाटे उठून स्टेशनवर जाऊन आले. गाडी आली, गेली. चहावाल्यानं विचारलं, "आज नाही का जायचं?" तेवढं एक वाक्य त्या दिवशीचं.

मेमध्ये प्रेमराज सरांनी फोन केला. जळगाव-धुळ्याची नऊ मुलं एका छोट्या बसनं पुण्याला निघणार होती, रविवारी दहाला, चाळीसगावच्या स्टँडबाहेरून. "या असं मी म्हणत नाही," सर म्हणाले, "पण येऊ नका असंही म्हणत नाही."

मी गेले. रसवंतीच्या छपराखाली, जरा आडोशाला उभी राहिले. ऊन मरणाचं होतं. पालक बसभोवती घोळका करून होते, कोणी पाण्याच्या बाटल्या देत होतं, कोणी खिडकीतून चिवड्याची पिशवी कोंबत होतं. विक्रम यादी घेऊन नावं वाचत होता. सारिका नवीन ड्रेस घालून मधल्या खिडकीशी बसली होती. केस घट्ट बांधलेले, तेलानं चमकत होते. इतकी लहान दिसत होती, तेवढी वर्गात मला कधी वाटली नव्हती. मला हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

घोळक्यातून एक बाई सावलीला माझ्याजवळ आली. डोक्यावरचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला, डोळे सुजलेले. पदरानंच तोंड पुसत ती मला म्हणाली, "अक्का, तुमनी बी पोर चालनी का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण ती इतक्या आपलेपणानं विचारत होती. तिला वाटत होतं, आपल्यासारखीच ही एक, पोर लांब चाललीय म्हणून आडोशाला येऊन रडणारी. असं कोणाच्या बरोबरीनं उभं राहून मला किती वर्षं झाली होती.

"हो," मी म्हणाले.

"रातभर झोपनी नही मनी," ती म्हणाली. "मी बी नही झोपनू. बठ्ठी पोरे येक जागे ऱ्हातीन ना?"

"हो. सगळी एकत्रच राहतात. चांगली सोय असते. मी पाहिलीय."

"मंग बरं." तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. मग बसकडे बघत तिनं विचारलं, "तुमनी कोनती?"

बसमध्ये नऊ मुलं होती. मला त्यातलं एकच माहीत होतं. माझा हात उचलला गेला आणि बोट मधल्या खिडकीकडे गेलं.

बाई क्षणभर गोंधळली. मग हसली, राग न येता, चुकलेल्या माणसाला वाट दाखवावी तशी.

"ती ते मनी शे, अक्का. तुमनी तिना मांगे बठेल शे, ती का?"

तिच्या खांद्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"नाही," मी म्हणाले. "माझी कोणी नाही त्यात. ती तुमचीच."

ती काही विचारणार होती, पण बस हलली, आणि ती माझा दंड धरून मला बरोबर ओढतच पुढे उन्हात गेली, बहुधा नकळत. आम्ही दोघींनी हात वर केले. सारिका खिडकीतून अर्धी बाहेर आली होती आणि आईला हात करत होती.